फोन नवा, मॅक जुना: एक्सकोड अपडेट करायचं, जुगाड करायचं की मशीनच बदलायचं?

सांगली-मिरजेत ॲपची कामं घेणाऱ्या बऱ्याच पोरांकडं मॅक एकच असतो, तोही सेकंडहँड घेतलेला, आणि टेस्टिंगचा आयफोन कधी स्वतःचा, कधी मित्राचा, कधी थेट क्लायंटचा. फोन रात्री चार्जिंगला लावला, आपोआप अपडेट झाला, सकाळी केबल लावली की एक्सकोड (आयफोनचं ॲप बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर, मॅकवरच चालणारं) म्हणतो डिव्हाइस सपोर्ट फाइल्स सापडत नाहीत. मग फोन येतो, "दादा, काल चालत होतं ओ, आज ओळखतच नाही, काय करू?" यावर उत्तरं सात आहेत, प्रत्येकाची किंमत वेगळी, आणि कुणाला कुठलं परवडतंय ते बघायला म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट ठरवा, तुमचं व्हर्जन नक्की अडवलंय कुणी? फोननं, स्टोअरनं का प्रोजेक्टनं? कारण तिघांचं औषध वेगळं आहे आणि लोकं फोनचं औषध प्रोजेक्टला देत बसतात. फोन मागं नेता येत नाही, ॲपल जुन्या आयओएसचं (आयफोनची सिस्टिम) साइनिंग, म्हणजे ते बसवायची परवानगी, थोड्या दिवसांत बंद करतं, त्यामुळं "डाउनग्रेड करू की" हा पर्याय डोक्यातनं काढूनच टाका. स्टोअरचं तर त्याहून कडक. एप्रिल २०२४ पासून एक्सकोड १५ शिवाय अपलोड घेत नाहीत, एप्रिल २०२५ पासून एक्सकोड १६, आणि एप्रिल २०२६ पासून आयओएस २६ चा एसडीके (ॲप बांधायचा संच, एक्सकोडबरोबर येतो), म्हणजे एक्सकोड २६. दर एप्रिलला हे ठरलेलं आहे, द्राक्षाचा सीझन संपता संपता ॲपलचा सुरू होतो म्हणा. आणि टेस्टफ्लाइटला (टेस्टिंगसाठी ॲप वाटायची ॲपलची सोय) टाकायचं तरी हाच नियम, तिथंही अपलोडच असतंय.

आता तुलना. पहिला सरळ मार्ग म्हणजे एक्सकोड अपडेट करणं. ऐकायला सोपं, पण एक्सकोड एकटा येत नाही, मॅकओएस ओढून आणतो (माँटेरी, व्हेंचुरा, सोनोमा, सिकोया ही मॅकओएसच्या व्हर्जनांची नावं, जुन्याकडनं नव्याकडं). एक्सकोड १४.२ माँटेरीवर चालतो, १४.३ ला व्हेंचुरा लागतं, १५ ला व्हेंचुरा १३.५, १५.३ पासून सोनोमा, १६.२ पर्यंत सोनोमा १४.५ वर भागतं पण १६.३ ला सिकोया, आणि एक्सकोड २६.० ला सिकोया १५.६. म्हणजे तुमचं मशीन कुठल्या मॅकओएसवर थांबलंय तिथंच तुमचा एक्सकोड थांबला, आणि तिथंच तुमचं अपलोड थांबलं. उदाहरण म्हणून २०१७ चा मॅकबुक एअर घ्या, आपल्याकडं स्वस्तात फिरतोय म्हणून लय जणांकडं आहे. तो माँटेरीच्या पुढं जात नाही, म्हणजे एक्सकोड १४.२, म्हणजे आयओएस १६.२ चा एसडीके, म्हणजे ॲप स्टोअरसाठी तो एप्रिल २०२४ लाच संपला. त्यावर शिकायला ठीक, क्लायंटचं काम घेऊ नका. याउलट २०२० चा इंटेल एअर सिकोयापर्यंत जातो, त्यामुळं एक्सकोड २६ चढतो, हळू चालेल पण चालेल. मशीन अपडेट होत असेल तर हाच मार्ग, बाकीचं वाचायची पण गरज नाही खरं तर, फक्त डिस्कवर जागा ठेवा. एक्सकोड १५ पासून आयओएसचा सिम्युलेटर (मॅकच्या स्क्रीनवरचा खोटा आयफोन) वेगळा डाउनलोड करावा लागतो आणि तो एकटाच सात जीबीच्या आसपास आहे, २५६ जीबीच्या मशीनवर हे जाणवतं. गावाकडं दिवसाच्या दोन जीबी डेटावर हे होत नाही, विश्रामबागेत कुणाकडं तरी फायबरवर बसून करून घ्या.

दुसरा मार्ग, सगळ्यात प्रसिद्ध जुगाड, डिव्हाइस सपोर्ट फाइल्स बाहेरनं आणून टाकणं. एक्सकोड ॲपच्या पोटात आयफोनओएस प्लॅटफॉर्मच्या आत डिव्हाइससपोर्ट नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक आयओएस व्हर्जनची एक डिस्क इमेज आणि तिची सही. नव्या एक्सकोडमधलं ते फोल्डर उचलून जुन्यात टाकलं, एक्सकोड बंद करून उघडला, की फोन ओळखतो. पाच मिनिटांचं काम, फुकट, आणि आयओएस १६ पर्यंत झकास चालायचं. पण आयओएस १७ पासून ॲपलनं ही पद्धतच बदलली, डिस्क इमेज आता त्या त्या फोनपुरती पर्सनलाइज होते आणि फोनशी बोलायची यंत्रणा पण नवीन आली, त्यामुळं १४ च्या एक्सकोडमध्ये १७ ची फाइल टाकून काय उपयोग होत नाही. जुने व्हिडिओ बघून रात्रभर फोल्डर कॉपी करणारी पोरं अजून भेटतात. थोडक्यात, फोन आयओएस १६ वर असेल तर करा, १७ किंवा पुढं असेल तर वेळ घालवू नका. आणि एक घोळ नेहमीचा, याच नावाचं दुसरं फोल्डर तुमच्या लायब्ररीत एक्सकोडखाली असतंय, आयओएस डिव्हाइससपोर्ट. त्यात फोनमधनं कॉपी झालेले सिंबॉल (क्रॅश वाचायला लागणारी नावांची यादी) असतात, प्रत्येक व्हर्जनचे काही जीबी. ते उडवलं तर काही बिघडत नाही, फोन परत लावला की परत तयार होतं, फक्त त्या वेळी "प्रिपेअरिंग डिव्हाइस" म्हणत बराच वेळ खाईल. जागा कमी पडली की पहिला हात तिथं घाला.

आणि हो, फोन ओळखत नाही म्हणजे दरवेळी व्हर्जनच असं नाही. आयओएस १६ पासून फोनमध्ये डेव्हलपर मोड चालू करावा लागतो, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या तळाला, आणि तो चालू केला की फोन रिस्टार्ट होतो. क्लायंटच्या फोनवर हे करताना आधी सांगा त्याला, नाहीतर सौदा चालू असताना फोन बंद पडला म्हणून ओरडा बसायचा.

तिसरा, दोन-तीन एक्सकोड एकाच मशीनवर ठेवणं. जुनं प्रोजेक्ट नव्या एक्सकोडवर उघडत नाही, नवीन फोन जुन्यावर चालत नाही, अशा कात्रीत सापडलेल्यांसाठी हा मार्ग मला सगळ्यात पटतो. ॲप स्टोअरमधनं घेऊ नका, ते जुन्यावर नवीन चढवतं, ॲपलच्या डेव्हलपर साइटवरनं झिप घ्या (त्यांची ती वेगळी झिप असते, उघडायलाच वेळ लागतो), ॲपला नाव द्या, एक्सकोड १५.४ वगैरे, आणि टर्मिनलमधनं एक्सकोड-सिलेक्टनं बदलत राहा. एक्सकोड्स (Xcodes) नावाचं फुकट ॲप आहे, ते हे सगळं बटणावर करून देतं. अडचण दोन ठिकाणी. एक म्हणजे जागा. दुसरी, मॅकओएस नवीन केलं की लय जुना एक्सकोड उघडायलाच तयार नसतो, आयकॉनवर फुली दिसते, सोनोमावर १४ ची तीच गत आहे. म्हणजे एका मॅकओएसवर तुम्हाला दोन-तीन शेजारचीच व्हर्जनं मिळतात, दहा वर्षांचा इतिहास नाही.

याच्या उलट दिशेला मात्र कुणी बघत नाही. नवीन एक्सकोड जुन्या फोनला बऱ्यापैकी सांभाळतो. १५ वर आयओएस १२ पासूनचे फोन लावून डिबग करता येतात (म्हणजे ॲप चालू असताना चूक शोधता येते), १६ वर आयओएस १५ पासून पुढचे. त्यामुळं "क्लायंटकडं जुना आयफोन आहे म्हणून मी एक्सकोड वर नेत नाही" हे कारण सहसा टिकत नाही.

चौथा, फोन सोडा, सिम्युलेटरवर करू. यावर माझं मत जरा कडक आहे. लेआउट, फॉर्म, एपीआय, मराठी फाँट कुठं तुटतोय हे बघायला सिम्युलेटर उत्तम, जुन्या आयओएसचे रनटाइम पण उतरवून ठेवता येतात, एकही फोन नसताना तीन व्हर्जनं तपासता येतात. पण तो फोनची नक्कल करत नाही, तुमचं ॲप मॅकच्याच प्रोसेसरवर, मॅकच्याच रॅमवर चालवतो. फोनवर मेमरीपायी जे ॲप मरतंय ते तिथं आरामात पळतं. कॅमेरा नाही, ब्लूटूथ नाही. आता आपल्या भागातली कामं बघा, कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्याच्या बॉक्सवरचा क्यूआर स्कॅन करायचा, वजनकाट्यावरनं ब्लूटूथनं आकडा घ्यायचा, छोट्या थर्मल प्रिंटरवर पावती मारायची. यातलं काहीच सिम्युलेटरवर कळत नाही. म्हणून सिम्युलेटर हा रोजच्या कामाचा, पण डिलिव्हरीच्या आधी खरा फोन पाहिजेच, आणि तो क्लायंटचा नको, स्वतःचा, ऑटोमॅटिक अपडेट बंद केलेला. हा शेवटचा बदल फुकट आहे आणि वरच्या निम्म्या कटकटी मुळातनं थांबवतो.

पाचवा, डिबगर न लावता फोनवर ॲप पोचवणं. हे समजून घ्या, नवीन आयओएसवर ॲप चालायला एक्सकोड जुळावा लागत नाही, जुळावं लागतं ते फक्त केबल लावून डिबग करायला. टेस्टफ्लाइटवर टाका, फोन कुठल्याही नव्या व्हर्जनवर असू दे, चालेल, बिल्ड ९० दिवस टिकतं. किंवा ॲड-हॉक (ठरावीक फोनांपुरतं) बिल्ड करून ॲपल कॉन्फिगरेटरनं चढवा. दोन्हीला वर्षाचं ९९ डॉलरचं खातं पाहिजे, फुकटच्या खात्यावरचं ॲप सात दिवसांत मरतं. ब्रेकपॉइंट (ॲप मध्येच थांबवून बघायची जागा) मिळत नाहीत, पण मॅकच्या कन्सोलमध्ये फोनचे लॉग दिसतात, शेवटची एक चूक शोधायला तेवढं पुष्कळ होतं.

सहावा, ओपनकोअर लेगसी पॅचरनं (ॲपलचं नसलेलं, बाहेरचं टूल) जुन्या मॅकवर नवीन मॅकओएस बसवणं. होतं, लोकं करतात, मी नाही म्हणत नाही. पण जुन्या पाइपलाइनवर दहा एचपीची मोटर बसवल्यावर कुठला जॉइंट सुटेल सांगता येत नाही, तसं प्रत्येक मॅकओएस अपडेटला धाकधूक, ग्राफिक्स अडखळणार, आणि चार-आठ जीबी रॅममध्ये नवीन एक्सकोड काय वेगानं चालणार ते तुम्हीच ठरवा. घरच्या मशीनवर हौस म्हणून ठीक. ज्या मशीनवर पैसे मिळवायचे त्यावर नको.

सातवा, भाड्याचा मॅक किंवा क्लाउडवर बिल्ड. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हवाल्यांनी (एकाच कोडमधनं अँड्रॉइड आणि आयओएस दोन्ही बनवणाऱ्यांनी) याचा विचार आधी करावा. विंडोजच्या लॅपटॉपवर लिहा, अँड्रॉइडवर तपासा, आयओएसचं बिल्ड कोडमॅजिक किंवा गिटहबच्या मॅक रनरवर करा, तिथं एक्सकोडचं व्हर्जन एका ओळीत निवडता येतं. एप्रिलचा नियम बदलला की ती ओळ बदलायची, झालं. तोटा हा की फोन तिथं जोडता येत नाही, आणि आयओएसपुरताच येणारा एखादा क्रॅश आला की अंधारात दगड मारल्यासारखं लॉग वाचत बसावं लागतं. नेटिव्ह स्विफ्टवाल्यांना (ॲपलच्या स्विफ्ट भाषेत थेट आयफोनसाठी लिहिणाऱ्यांना) हा पर्याय मुख्य म्हणून जमत नाही.

प्रोजेक्टनं अडवलं असेल तर मात्र वरचं फारसं कामाचं नाही. एक्सकोड १४.३ वर आर्कलाइटची फाइल सापडत नाही असं आलं तर मशीन बदलून काय होणार, कुठल्या तरी जुन्या पॉडचं (प्रोजेक्टमध्ये जोडलेली तयार लायब्ररी) डिप्लॉयमेंट टार्गेट, म्हणजे कमीत कमी चालणारं आयओएस, लय जुनं आहे, पॉडफाइलमधनं (पॉडची यादी) सगळ्यांचं आयओएस ११ किंवा वर न्या, जातं. तयार बांधून आलेलं स्विफ्ट फ्रेमवर्क दुसऱ्या कंपायलर व्हर्जनचं असेल तर ते ज्यानं दिलं त्याच्याकडनं नवीन मागा.

अँड्रॉइडवाल्यांचं दुखणं बहुतेक इथंच असतं. फोन कुठलाही लावा, एडीबी (फोनशी बोलायचं अँड्रॉइडचं टूल) घेतं. (रेडमीवाल्यांनी "इन्स्टॉल व्हाया यूएसबी" वेगळं चालू करायचं, त्याला एमआय खातं आणि सिम मागतंय, नवीन पोरांचा अर्धा दिवस यात जातो.) भांडण लागतं ते अँड्रॉइड स्टुडिओ (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), ग्रेडल (ॲप बांधणारं टूल), ग्रेडलचं अँड्रॉइड प्लगिन आणि जेडीके (जावाचा संच) या चौघांत. "अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१" दिसलं की समजायचं जावा १७ आहे आणि ग्रेडल त्याच्यापेक्षा जुना, ६५ म्हणजे जावा २१. ग्रेडल ७.३ पासून १७ चालतो, ८.५ पासून २१. प्लगिन ८ ला जेडीके १७ लागतोच, आणि नेमस्पेस (कोडचं पॅकेज नाव) मॅनिफेस्टमधनं (ॲपची माहिती असलेली फाइल) काढून बिल्ड फाइलमध्ये न्यावा लागतो.

इथं निवड दोनच. प्रोजेक्ट तसंच ठेवून स्टुडिओच्या सेटिंगमध्ये ग्रेडलला जुना जेडीके ११ दाखवायचा, किंवा सगळं वर न्यायचं. ॲप कारखान्याच्या आतल्या चार फोनवरच चालत असेल, प्ले स्टोअरवर नसेल, तर पहिला, अजिबात हात लावू नका. प्लेवर अपडेट द्यायचं असेल तर दुसरा, कारण ऑगस्ट २०२५ संपल्यापासून टार्गेट एपीआय ३५ (म्हणजे अँड्रॉइड १५) मागतात, त्याला नवीन प्लगिन लागणारच, मग आज जुना जेडीके दाखवून पुढच्या महिन्यात परत तेच करण्यात अर्थ नाही. वर नेताना एकदम उडी नको, प्लगिन ७ वरनं आधी ८.०, बिल्ड झालं की कमिट (गिटमध्ये नोंद), मग पुढं. फ्लटरवाल्यांनी एफव्हीएम (फ्लटरची व्हर्जनं सांभाळायचं टूल) वापरून प्रत्येक प्रोजेक्टचा एसडीके वेगळा बांधून टाकावा, यात मला दुसरी बाजू दिसतच नाही.

अँड्रॉइडच्या एम्युलेटरबद्दल (कॉम्प्युटरवरचा खोटा अँड्रॉइड फोन) एवढंच, तो आयओएसच्या सिम्युलेटरपेक्षा खऱ्या सिस्टिमच्या जवळ आहे, पण रेडमी-व्हिवो बॅटरी वाचवायला बॅकग्राउंडचं ॲप कसं मारतात ते त्यावर दिसत नाही, आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या हातात तेच फोन आहेत.

राहिला मशीनचा प्रश्न. मॅक माँटेरीवर अडकलाय आणि आयओएसचं काम खरंच येतंय असं असेल तर लॅपटॉपचा हट्ट सोडा आणि मॅक मिनी बघा. एम४ चा मिनी नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात ५९,९०० पासून आला, १६ जीबी रॅम त्यातच, मॉनिटर-कीबोर्ड घरातला चालतो. लाइट गेली की बंद पडतो, म्हणून यूपीएसचे पैसे धरा. सेकंडहँड एम१ मिनी पण चालेल, पण १६ जीबीचा मिळाला तरच, ८ वाल्यात एक्सकोड, सिम्युलेटर आणि ब्राउझर एकत्र उघडले की दमतो. पुण्याहून वापरलेला आणत असाल तर पैसे द्यायच्या आधी समोर पूर्ण इरेज करून, वायफाय लावून सेटअप करायला लावा. रिमोट मॅनेजमेंटचा स्क्रीन आला तर तो कुठल्या तरी कंपनीच्या नावावर आहे, आणि आधीच्या मालकाचा ॲपल आयडी मागितला तर ॲक्टिव्हेशन लॉक काढलेलं नाही, दोन्हीत तो कितीही स्वस्त असू दे, तिथंच ठेवून परत या.