मुंगीपालनाचा नवशिक्यांसाठीचा संच: काही महिने वापरल्यावर काय कामाला आलं, काय नडलं

नवशिक्यांसाठीच्या संचात साधारण चार गोष्टी येतात: टेस्ट ट्यूब, प्लास्टरचं किंवा अॅक्रिलिकचं घरटं, मुंग्यांना फिरायला उघडा डबा आणि मुंग्या डब्याबाहेर चढू नयेत म्हणून काठाला लावायचं द्रव. घेताना नजर घरट्यावर असते. काही महिन्यांच्या वापरानंतर मात्र सगळ्यात जास्त गुण ट्यूबला द्यावे लागतात. ते देखणं घरटं सुरुवातीचे काही महिने कपाटातच राहिलेलं बरं.

ट्यूब १६ मिमी रुंद आणि १५० मिमी लांब असली की बहुतेक जातींना पुरते. कॅम्पोनोटससारख्या मोठ्या मुंग्यांना २० मिमीची बरी. एक तृतीयांश भाग उकळून गार केलेल्या पाण्याने भरायचा आणि कापसाचा बोळा पाण्याला भिडेपर्यंत आत ढकलायचा. खरी मेख इथे आहे. पाण्यात हवेचा मोठा बुडबुडा राहिला तर खोली तापल्यावर ती हवा फुगते आणि पाणी कापसातून पलीकडे ढकलते. अंडी भिजतात, कधी राणीही बुडते. बोळा फार सैल असला तरी तेच होतं. फार आवळून बसवला तर ओलच येत नाही. कापूस समोरून ओलसर दिसावा, पण थेंब सुटू नये. मग जिच्यापासून वसाहत सुरू होते ती एकटी राणी आत सोडायची, तोंडाला कोरड्या कापसाचा दुसरा बोळा लावायचा आणि ट्यूब आडवी करून अंधाऱ्या, न हलणाऱ्या खणात ठेवायची.

यापुढचं काम म्हणजे काहीच न करणं, आणि बहुतेकांची वसाहत इथेच फसते. लासियस, कॅम्पोनोटस, फेडोले या जातींची राणी पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी जिरवून पहिल्या अळ्या वाढवते. तिला या काळात खाणं लागत नाही. रोज खण उघडला, ट्यूब हलवली, उजेड पडला की ती बिथरते आणि स्वतःचीच अंडी खाते. आठवड्यातून एकदा डोकावणं भरपूर झालं. ट्यूबभोवती लाल पारदर्शक कागद गुंडाळला तर आणखी बरं, कारण मुंग्यांना लाल उजेड फारसा दिसत नाही. २५ अंशांच्या आसपास फेडोलेच्या पहिल्या कामकरी मुंग्या यायला साधारण महिना लागतो, लासियसला दीड ते दोन महिने, कॅम्पोनोटसला बरेचदा त्याहून जास्त. मात्र ओडोंटोमेकससारख्या जातींची राणी अळ्या वाढवतानाही शिकारीला बाहेर पडते. तिला अधूनमधून खाऊ घातलं नाही तर ती उपाशी मरते. म्हणून ट्यूब बंद करण्याआधी जात ओळखून घ्या.

पंख गळालेली प्रत्येक राणी नराशी मीलन होऊन फळलेली असतेच असं नाही. न फळलेल्या अंड्यांतून फक्त नर निघतात. कामकरी न येता पंखांचे नरच बाहेर पडू लागले तर कितीही काळजी घेतली तरी ती वसाहत उभी राहणार नाही.

पहिल्या कामकरी मुंग्या नेहमीपेक्षा बारीक असतात. घाबरू नका, राणीकडच्या तुटपुंज्या शिदोरीवर वाढलेली पहिली पिढी अशीच असते. खाणं तिच्या मापाने द्यायचं: साखरपाण्याचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब अॅल्युमिनियम फॉइलच्या तुकड्यावर, आणि फळमाशीचा एखादा तुकडा. थेंब मोठा झाला की मुंग्या त्यात चिकटून मरतात. गोड कामकऱ्यांच्या ताकदीसाठी, कीटक अळ्यांसाठी आणि राणीच्या अंड्यांसाठी. अळ्या नसतील तर कीटक तसाच पडून राहतो, त्यात काळजीचं काही नाही. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढलं नाही तर बुरशी धरते. कीटक आधी गोठवून किंवा उकळत्या पाण्यातून काढून घ्यावेत, म्हणजे त्यांच्यावरचे माइट (अगदी बारीक परजीवी) घरट्यात शिरत नाहीत. बागेतले किडे टाळलेले बरे. त्यांच्यावर फवारणीचं औषध असेल तर ते वरून दिसत नाही आणि अख्खी वसाहत जाऊ शकते.

आता घरटं. प्लास्टर ओल छान धरतं, पण सतत भिजलेलं राहिलं तर त्यावर बुरशीचे डाग येतात आणि काही जाती ते पोखरतातही. अॅक्रिलिकमधून मुंग्या स्वच्छ दिसतात, पण त्यात ओल मुरून टिकत नाही आणि आतल्या बाजूला बाष्प धरतं. दोन्हींत मोठा दोष एकच: ते छोट्या वसाहतीसाठी फार मोठं असतं. रिकाम्या खोल्यांत मुंग्या कचरा आणि उष्टं नेऊन साठवतात, ते आत सडतं आणि साफ करायला हात पोचत नाही. कामकरी तीस-पन्नास होईपर्यंत ट्यूबच पुरते. डबा हवाच असेल तर ट्यूबचं तोंड त्यात उघडून ठेवा. घरट्यात हलवताना मुंग्या झटकून टाकू नयेत. ट्यूब घरट्याला जोडायची, ट्यूबवर उजेड ठेवायचा, घरटं ओलसर करून झाकायचं. कधी तासाभरात जातात, कधी आठवडा घेतात. एका बाजूला ओल, दुसरी बाजू कोरडी ठेवली की अंडी-अळ्या कुठे आणि कोश कुठे ठेवायचे ते त्या स्वतःच ठरवतात.

डब्याच्या काठाला फ्लुऑनचा, म्हणजे वाळल्यावर गुळगुळीत होणाऱ्या द्रवाचा, पातळ पट्टा सगळ्यात भरवशाचा. पण बोट लागलं की निघतो आणि दमट हवेत त्याची पकड कमी होते, म्हणून अधूनमधून पुन्हा लावावा लागतो. टाल्कम पावडर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवून लावलेला लेप स्वस्त आणि चांगला, पण दमट हवेत तोही टिकत नाही. तेलाचा पट्टा ओघळतो आणि बारीक मुंग्या त्यात अडकतात. फेडोलेसाठी फक्त पट्ट्यावर विसंबू नका. बारीक जाळीचं झाकणही हवं.

हीटिंग केबल वापरायची असेल तर घरट्याच्या एकाच टोकाला लावा, ट्यूबच्या पाण्याच्या टोकाला कधीच नाही. नाहीतर बुडबुड्याचा वर सांगितलेला प्रकार घडतो. थंड प्रदेशातल्या लासियससारख्या जातींना ५ ते ८ अंशांत तीन-चार महिन्यांची हिवाळी विश्रांती लागते. उष्ण प्रदेशातल्या जातींना तसं गारठवू नये. आणखी एक, लासियस नायजरची राणी पाळलेल्या अवस्थेत २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे, तेव्हा हा हंगामापुरता छंद नाही. कंटाळा आला म्हणून परकी जात बाहेर सोडायची नाही, दुसरा पाळणारा शोधायचा.

ट्यूबमधलं पाणी काही महिन्यांत संपतं किंवा कापूस काळपट पडतो. तेव्हा जुनी ट्यूब उघडून पाणी भरत बसू नका. भरलेली नवी ट्यूब तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडा, नवी झाका, जुनी उजेडात ठेवा. त्यासाठी संचाबरोबर चार-पाच ट्यूब जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात.