ओजेटीच्या नावाखाली पॅन, आधार आणि घरपट्टीची पावती : कॉमर्सच्या मुलांनो, सावध

ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग, म्हणजे पदवीसाठी करावी लागणारी इंटर्नशिप) देतो म्हणणाऱ्या एका हिशेब लिहिणाऱ्या फर्मकडे साडेनऊ हजार रुपये गेले. पण खरा संताप त्याचा नाही. ज्या मुलाच्या खात्यात एसटीच्या पासापुरते पैसे असतात, त्याच्या पॅनवर १ कोटी ८६ लाखांच्या लोखंडी सळईची विक्री दाखवली गेली. १८ टक्क्यांनी त्यावरचा जीएसटी होतो ३३ लाख ४८ हजार. फर्मचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून प्रलंबित आहे. पद्धत मात्र सगळी लिहितो, कारण पुढच्या सेमिस्टरला हे लोक नवीन मुलं शोधणार हे नक्की.

एम.कॉम.च्या दुसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिटची ओजेटी आहे, म्हणजे १२० तास. मुंबईत ऑफिसं ढिगाने. आमच्याकडे कुडाळ, कणकवली, सावंतवाडी धरली तरी सीए मोजकेच, आणि त्यांची टेबलं आधीच भरलेली. कॉलेज म्हणतं, जागा तुम्ही शोधा, सर्टिफिकेट आणून द्या. ही गरज ओळखूनच हे बसलेले असतात.

पैसे असे घेतले : 'परत मिळणारी' ठेव ६,०००, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं किट २,३००, सर्टिफिकेट आणि शिक्क्याचे १,२००. महिन्याला ३,५०० स्टायपेंड देणार होते, त्यातला एक रुपया आला नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे जाण्याआधी समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं. तिथे फर्मचं नाव नसून भलत्याच माणसाचं नाव असेल तर तिथूनच उठा. आणि बोर्डावर 'सीए' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. सदस्यत्व क्रमांक विचारा आणि सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआय) साइटवर टाकून बघा. सीएला आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्यासाठी हाताखाली शिकणाऱ्या मुलाकडून प्रीमियम (शिकवण्याचे पैसे) घ्यायला नियमानेच बंदी आहे, उलट स्टायपेंड त्याने द्यायचा असतो. सीए नसलेल्यानेही हिशेब लिहून द्यायला हरकत नाही, पण तो 'जीएसटी प्रॅक्टिशनर' (दुसऱ्यांची जीएसटीची कामं करून देणारा नोंदणीकृत माणूस) म्हणवत असेल तर जीएसटी पोर्टलवर प्रॅक्टिशनर शोधायची सोय आहे, तिथे नाव सापडलं पाहिजे.

'तुम्हाला कळलं कसं नाही?' असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. सुरुवातीचं काम खरं होतं. एका काजू कारखान्याची खरेदीची बिलं, एफ-९ दाबून व्हाउचर एंट्री, बँकेचं स्टेटमेंट जुळवणं, २बी शी, म्हणजे विक्रेत्यांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, बिलं ताडून बघणं. शेतकऱ्याकडून न फोडलेली काजू बी घेतली की कर रिव्हर्स चार्जने खरेदीदाराने भरायचा, हे तिथेच नीट समजावून सांगितलं. असं शिकवणाऱ्यावर कोण संशय घेईल? कॉमर्सचा हुशारातला हुशार मुलगाही फसला असता.

संशय यायची जागा एकच होती, आणि तिच्यावरून नजर घसरावी अशीच तिची मांडणी होती. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर 'पालकांचं संमतीपत्र'. वर विद्यार्थ्याचं नाव, खाली वडिलांच्या सहीची जागा, आणि तिसऱ्या ओळीत : 'सदर जागा व्यवसायासाठी विनामोबदला वापरण्यास माझी हरकत नाही.' ही एक ओळ! सोबत घराचं लाइट बिल आणि ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती. विद्यार्थ्याच्या पत्त्याला आधार पुरतं, मग घरपट्टी कशाला? इंटर्नशिपला जागेची संमती कशाला? आज ती ओळ डोळ्यांसमोरून हलत नाही. पण पालकांच्या संमतीची पत्रं कॉलेजही घेतं, सहलीला घेतं, हॉस्टेलला घेतं. वडील चष्मा न लावता सही करतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

पुढचं गणित समजून घ्या. जीएसटी नोंदणीच्या आरईजी-०१ अर्जात पहिल्या भागात पॅन तुमचा, पण मोबाइल आणि ईमेल त्यांचा. त्यामुळे पोर्टलचे सगळे मेसेज त्यांनाच जातात. 'स्टायपेंडसाठी' घेतलेला रद्द चेक बँक तपशिलाला लागतो. आयकार्डसाठी काढलेला फोटो मालकाचा फोटो होतो. मग लागतं आधारचं प्रमाणीकरण, म्हणजे आधार खरंच त्या माणसाचं आहे याची खात्री. ते झालं नाही तर अधिकाऱ्याने जागेची प्रत्यक्ष पाहणी करायची असते, आणि पाहणी झाली असती तर वाडीतल्या आमच्या पडवीत सळईचं गोदाम कुठून दिसणार? म्हणून ओटीपी हवा. 'काय नाय रे झिला, डेमो आसा तो, ओटीपी सांग बेगीन,' एवढ्या सहज मागितला. जीएसटीची नोंदणी शिकवायची म्हणून 'प्रत्येकाने आपल्याच पॅनवर करून बघा' असं सांगून. लक्षात ठेवा, डेमोला आधारचा खरा ओटीपी येत नाही. ओटीपी खरा आला म्हणजे अर्ज खरा आहे.

जीएसटी नंबर मिळाला की माल न हलवता नुसती बिलं फाडायची, समोरचा त्यावर क्रेडिट घेणार, म्हणजे बिलातला कर स्वतःच्या करातून वजा करणार, आणि कर न भरता नोंदणी वाऱ्यावर सोडायची. नोटीस येते ती पॅनवाल्याला.

कळलं ते आयकराच्या साइटवरचं एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचं माहितीपत्रक) उघडल्यावर, तिथे जीएसटीची उलाढाल दिसते. सर्टिफिकेटची वाट बघत बसू नका, आजच जीएसटी पोर्टलवर 'सर्च बाय पॅन' करा. लॉगिन लागत नाही. २७ ने सुरू होणारा १५ अक्षर-अंकांचा नंबर निघाला आणि मधले १० तुमचा पॅन असतील, तर त्या पानाची प्रिंट काढा. एआयएसमध्ये त्या नोंदीवर माहिती नाकारल्याचा अभिप्रायही नोंदवा.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, 'साडेनऊ हजारच ना?' मग 'हा व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा,' आणि हातात अदखलपात्रची पावती. कोट्यवधींची बनावट बिलं दाखवली तर म्हणतात, 'ते जीएसटीवाल्यांचं.' भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे ना? जीएसटी कार्यालयात सांगतात, 'फोटो तुझा, आधार तुझं, घर तुझं, रद्द करायचा अर्ज तूच लॉगिन करून कर.' लॉगिन कसं करणार? ओटीपी चोराच्या मोबाइलवर जातो! हे त्यांना कळत नाही असं नाही. वर 'हा नंबर केंद्राकडे आहे, आमच्याकडे नाही' म्हणून दुसऱ्या जिल्ह्याकडे बोट. विद्यार्थ्याने एसटीचं भाडं किती वेळा भरायचं? खोटा अर्ज मंजूर करताना एकाही टेबलाला शंका आली नाही, आणि खऱ्या माणसाकडे मात्र अठरा कागद मागतात. कॉलेजचं म्हणणं, 'ती फर्म आमच्या यादीत नव्हती.' यादी होती कुठे?

जे कोणी सांगत नाही ते सांगतो. अधिकारक्षेत्र केंद्राचं की राज्याचं हे 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये नंबर टाकला की दिसतं. 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिस' लिहिलेलं ते आपलं, दुसरीकडे जाऊच नका. त्या अधिकाऱ्याला ओळखीचे कागद दाखवून नोंदणीतला मोबाइल-ईमेल बदलून घेता येतो, मग नवीन पासवर्ड तुमच्या ईमेलवर येतो. हा अधिकार त्याच्याकडे आहे, लेखी मागा, आवक क्रमांकाशिवाय परत येऊ नका. आरईजी-१७ ची ('नोंदणी का रद्द करू नये' अशी) नोटीस काढून नोंदणी तो स्वतःहूनही रद्द करू शकतो. पोलिसांनी गुन्हा घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवा, रजिस्टरनेच. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन, उशीर झाला की खातं रिकामं झालेलं असतं.

पुराव्याची एक गोष्ट फार कामाची आहे. आधारच्या साइटवर ऑथेंटिकेशन हिस्टरी मिळते, मागच्या ६ महिन्यांची, ५० नोंदींपर्यंत. तुमचं आधार कुठल्या तारखेला, किती वाजता वापरलं गेलं ते त्यात येतं. ६ महिने उलटले की ती नोंद दिसत नाही, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून ती आधी डाउनलोड करा. त्याच तारखेला तुम्ही फर्मच्या हजेरीपटावर असाल तर तेव्हा तुम्ही तिथेच होतात हे दाखवायला त्या पानाचा फोटोही काढून ठेवा, सर्टिफिकेट मागायला जाण्याआधी.