नाशिकच्या अंबडमधल्या गाळ्यातली एक टनी हायड्रॉलिक गुड्स लिफ्ट, वर्षभर वापरल्यानंतर

काल एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) कोटेशन आलं आणि त्यात पहिल्याच ओळीत पुन्हा ‘सिलिंडर सील किट’ (सिलिंडरमधलं तेल गळू न देणाऱ्या कड्या) बघून डोकं फिरलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. कंपनीचं नाव घालत नाही. अशा लिफ्ट बनवणारे ढीगभर आहेत, पॉवर पॅक (मोटर, पंप, तेलाची टाकी आणि व्हॉल्व्ह) एकाकडून आणायचा, सिलिंडर दुसऱ्याकडून, स्ट्रक्चर आपल्या शेडमध्ये वेल्डिंग करून वर निळा रंग मारायचा, त्यामुळे नाव कळून फार उपयोग नाही, काय बघून घ्यायचं ते कळलं तर आहे.

आमचं काम इलेक्ट्रिकल पॅनलच्या एन्क्लोजरचं, म्हणजे पत्र्याच्या पेट्यांचं. खाली शिअरिंग, बेंडिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि वरच्या मजल्यावर पावडर कोटिंग, असेंब्ली. एक टन, चार मीटर चढ, तीन एचपी, भिंतीला एकच सिलिंडर आणि त्यावरून दोन चेन. बाकीचे स्पेसिफिकेशन घेणाऱ्यांना पाठच असतात, सोडून देतो.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल नुसताच करवादतोय. मोटर फक्त वर जाताना चालते. खाली येताना प्लॅटफॉर्म स्वतःच्या वजनाने येतो, फक्त सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडतो आणि तेल टाकीत परत जातं, विजेचं मीटर जवळपास ढिम्म. मला हे माहीत होतं पण महावितरणचं बिल बघितल्यावर जास्त पटलं. आणि लाईट गेली तर लिफ्ट अधेमध्ये अडकून राहत नाही, पॉवर पॅकवरची मॅन्युअल लोअरिंगची नॉब हळूच सोडायची की माल खाली. गेल्या पावसाळ्यात सातपूर-अंबडला ज्यांचे गाळे आहेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. शेजारच्या गाळ्यात वायररोपची लिफ्ट आहे, त्यांचा माल दुपारभर अधांतरी लटकत होता आणि आमचा खाली उतरून टेम्पोत बसलासुद्धा.

अजून एक आवडलेली गोष्ट म्हणजे गेज, तेलाचा दाब दाखवणारा काटा. हे कुणी सेल्सवाला सांगत नाही. आमचा रॅम (सिलिंडरमधून वर सरकणारा दांडा) ८० मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंमी, आणि चेनमुळे प्लॅटफॉर्म रॅमच्या दुप्पट चढतो म्हणून रॅमवर वजनही दुप्पट पडतं, तर १०० किलो माल ठेवला की काटा बरोबर ४ किलोने (दर चौरस सेंमीला) वर सरकतो. रिकामा प्लॅटफॉर्म २० दाखवतो, पूर्ण एक टन असला की ६० च्या आसपास. म्हणजे फुकटचा वजनकाटा. पोरं “भाऊ, सातशेच असेल” म्हणत शीट रचतात आणि काटा सांगतो की अकराशे आहे. आता काट्याच्या काचेवर ६० ला लाल रेघ मारून ठेवलीये, रेघेच्या पुढे गेला की शीट उतरवायच्या, वाद नाही. रिलीफ व्हॉल्व्हच्या (दाब जास्त झाला की तेल टाकीत सोडणारा) नटाला रंगाचा ठिपका आहे, तो तुटलेला दिसला तर कुणीतरी पाना लावलाय. लिफ्ट माल उचलत नाही म्हणून रिलीफ कसायचा हा उपाय एमआयडीसीत सर्रास चालतो. लिफ्ट नको म्हणतेय तर माल कमी करा ना!

आता दोन इंचांचं प्रकरण, ज्यासाठी मुळात लिहायला बसलो.

संध्याकाळी लिफ्ट वरच्या मजल्याला लेव्हलमध्ये उभी, सकाळी बघावं तर दोन इंच खाली. ट्रॉलीचं पुढचं चाक त्या पायरीत अडकतं, कोटिंग झालेला दरवाजा घसरतो आणि कोपऱ्याला पोचा. मजल्यापेक्षा दोन इंच खाली म्हणजे काय मोठंसं, असं सर्व्हिसवाला म्हणाला. त्याला एक रिजेक्ट झालेला दरवाजा हातात द्यायला हवा होता. लगेच निदान, “साहेब, सील गेलंय, सिलिंडर उतरवावा लागेल,” आणि साडेअठरा हजारांचं कोटेशन. वॉरंटी? सील ‘कन्झ्युमेबल’मध्ये येतं म्हणे. सहा महिन्यांत.

पण ग्लँड, म्हणजे दांडा बाहेर येतो ते सिलिंडरचं तोंड, कोरडा होता. बोट फिरवून बघितलं, कागद लावून बघितला, थेंब नाही. आमच्या सिलिंडरला आत पिस्टन नाही, नुसता दांडा आहे आणि सील वर तोंडाशी. त्यात सील गेलं तर तेल बाहेरच येणार, जायला दुसरी जागाच नाही. ग्लँड कोरडा आणि लिफ्ट खाली बसतेय, तर तेल व्हॉल्व्हमधून टाकीत परत चाललंय, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. फोनवर हेच बोललो तर पलीकडे शांतता, मग “आमच्या टेक्निकल टीमशी बोलून कळवतो.” अजून कळवतायत.

मग आम्हीच परीक्षा घेतली. सिलिंडरजवळ होजच्या (तेलाच्या लवचिक नळीच्या) आधी बॉल व्हॉल्व्ह आहे. लिफ्ट वर घेऊन थोडा माल ठेवला, खालचा दरवाजा बंद, शाफ्टमध्ये कुणी नाही, गाईड रेलवर मार्करने रेघ, बॉल व्हॉल्व्ह बंद. भरदुपारी तासभर ठेवलं, रेघ जागेवर. बॉल व्हॉल्व्ह उघडला आणि तेवढाच वेळ ठेवलं, तर बोटभर खाली. सिलिंडर निर्दोष सुटला, चोर पॉवर पॅकमध्ये.

खाली आणणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह काढला. आधी प्लॅटफॉर्म पार खाली बफरवर बसवला, मॅन्युअल नॉबने गेज शून्यावर आणलं, आयसोलेटर (मेन स्विच) बंद करून कुलूप, चावी माझ्या खिशात. व्हॉल्व्हच्या सीटवर करडी बारीक कचकच, नखाने जाणवेल इतकीच. ग्राइंडिंगची धूळ. कारण त्यांच्याच फिटरने पॉवर पॅक ग्राइंडिंगच्या कोपऱ्यात बसवलाय, पाईप कमी लागतो म्हणून, आणि टाकीच्या झाकणावरचा ब्रीदर म्हणजे भोकं पाडलेली टोपी. लिफ्ट वर गेली की टाकीतलं तेल उतरतं आणि टाकी बाहेरची हवा आत ओढते, धुळीसकट. पंपाच्या तोंडाची जाळी १२५ मायक्रॉनची, माणसाचा केसच ७०-८० चा, मग ती धूळ काय अडवणार.

व्हॉल्व्ह डिझेलने धुतला, हवा मारली. पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागेच पुढच्या वेळी सीटवर सापडतात. तेल बदललं, टाकी आतून पुसली, रिटर्न लाईनला १० मायक्रॉनचा फिल्टर टाकला, ब्रीदर चांगला घेतला आणि पॅकभोवती पत्र्याचा आडोसा, पत्रा काय घरचाच. सगळं मिळून साडेअठरा हजारांच्या पावभरसुद्धा गेलं नाही, त्यातही मोठा खर्च तेलाचा.

इथवरचं मी दिवाळीनंतर एका ग्रुपवर टाकलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं की लिफ्ट आता दगडासारखी उभी राहते. ते आता थोडं बदलतो.

डिसेंबरात निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला आणि इकडे लिफ्ट पुन्हा खाली. तेच दोन इंच. सर्व्हिसवाल्याला आनंद झाला असावा, लगेच “सील, साहेब.” पण ह्या वेळी तऱ्हा वेगळी होती. दिवसा हलत नाही, रात्रीतच बसते, आणि माल असो नसो तेवढीच बसते. व्हॉल्व्ह गळत असता तर मालाने वेग वाढला असता. हे तेलाचं आकुंचन. हायड्रॉलिक तेल दर १० अंशाला साधारण ०.७ टक्के आकसतं. दिवसभराच्या कामाने कोमट झालेलं तेल पहाटेपर्यंत २० अंशाने उतरलं तर १.४ टक्के, रॅम दोन मीटर बाहेर, म्हणजे २८ मिमी, आणि चेनने दुप्पट होऊन प्लॅटफॉर्मला ५६ मिमी. दोन इंच आणि वर थोडं! कागदावर हे गणित जुळलं तेव्हा मला जितका आनंद झाला तितका बारावीच्या फिजिक्सला झाला नव्हता. ह्यावर दुरुस्ती नाही, कारण बिघाडच नाही. रात्री लिफ्ट खालच्या मजल्यावर बफरवर बसवून जायचं, बस. तसंही कामाच्या वेळेनंतर तेलाच्या भरवशावर काही वर लटकत ठेवू नये. ज्यांना वर ठेवावीच लागते त्यांनी ऑर्डर देतानाच वरच्या मजल्याला मेकॅनिकल लॉक मागून घ्या, प्लॅटफॉर्म खुंटीवर टेकतो आणि ट्रॉली चढताना दचकाही बसत नाही. मला कोटेशनमध्ये हा पर्याय कुणी दाखवलाच नाही, आणि राग आहे तो ह्याचा.

थंडीत पंप सकाळी किंचाळायचा तेही तेलाचंच. त्यांनी ६८ नंबरचं भरून दिलं होतं, गार असताना घट्ट, पंपाला ओढवत नाही. मॅन्युअलमध्ये ४६ पण चालतं लिहिलंय, बदलताना तेच भरलं, आवाज गेला. उन्हाळ्यात ४६ पातळ पडेल का अशी धास्ती होती, एप्रिल-मे निघाला, काही झालं नाही, आमच्या फेऱ्या कमी आहेत म्हणूनही असेल. तेलाची पातळी लिफ्ट पूर्ण खाली असतानाच बघा, वर असताना टाकी भरली तर खाली येताना झाकणातून कारंजं. तेल दुधट दिसलं तर पाणी शिरलंय, पावसाळ्यानंतर एकदा नक्की बघायचं.

आता सर्व्हिसवाल्या पोराचा किस्सा. लिमिट स्विच (मजल्यावर लिफ्ट थांबवणारा) बघायला आला आणि प्लॅटफॉर्म कंबरेइतका वर असताना सरळ खालच्या खड्ड्यात उतरला, टेकू नाही, मेन चालू, मोबाईलची टॉर्च तोंडात. मी आणि फोरमन काकांनी ओरडून बाहेर काढला. म्हणतो, “काही होत नाही काका, होज बर्स्ट व्हॉल्व्ह आहे ना.” अरे बाबा, तो होज फुटला तर अडवतो, वर कुणी बटण दाबलं तर नाही अडवत. काकांनी त्याला चहा पाजला आणि मगच दोन चॅनेलचे टेकू लावून परत उतरू दिलं. ते टेकू आम्हीच बनवलेत, लिफ्टबरोबर आले नव्हते. एवढं लोखंड विकता, त्यात चार फुटांचे दोन तुकडे जड होतात का?

हाच पोरगा होजवरून उघडा तळवा फिरवून गळती शोधत होता. साठ किलोच्या दाबाला टाचणीएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीत घुसू शकतं, वरून नुसता ठिपका दिसतो आणि आत हात सडतो, ते थेट ऑपरेशनचं काम असतं. पुठ्ठा फिरवा, पुठ्ठ्यावर डाग पडेल. आणि तो बर्स्ट व्हॉल्व्ह सिलिंडरच्या पोर्टलाच बसवलेला हवा. होजच्या दुसऱ्या टोकाला असेल तर होज फुटल्यावर तो काय करणार. आमचा बरोबर जागी आहे, हे क्रेडिट देतो.

दरवाज्याच्या इंटरलॉकवरून तर रोज कटकट. दरवाजा नीट बसला नाही की लिफ्ट हलत नाही, पोरं वैतागतात, आणि सर्व्हिसवाल्याचा सल्ला काय, तर “तात्पुरता जंपर मारून ठेवा,” म्हणजे वायर जोडून इंटरलॉकच बाद करा. बिजागरी सैल झाली होती, वॉशर टाकला, झालं. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या (नोव्हेंबर २०२५ पर्यंत तोच लागू होता) कलम २८ मध्येच हे होतं, दरवाजा बंद असल्याशिवाय लिफ्ट हलता कामा नये, लिफ्ट समोर असल्याशिवाय दरवाजा उघडता कामा नये, वजनाची मर्यादा ठळक लिहिलेली हवी, आणि सहा महिन्यांतून एकदा कॉम्पिटंट पर्सनकडून (सरकारमान्य तपासनिसाकडून) तपासणी आणि त्याची नोंद. एएमसीवाल्याची फेरी म्हणजे ही तपासणी नव्हे, दोन्ही वेगळे खर्च आहेत, बजेट करताना धरा. आणि माल चढवायच्या लिफ्टमध्ये माणूस बसत नाही, पाय दुखत असले तरी.

चेनकडे कुणाचं लक्ष नसतं कारण ती आवाज करत नाही. आमची १९.०५ मिमी पिचची (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) आहे, १६ पिच मोजले की ३०४.८ मिमी यायला हवेत. ३ टक्के लांबली, म्हणजे ३१४ च्या जवळ गेली की बदलायची, दोन्ही एकदम. मोजायची जागा पुलीवरून जाणारी, झीज तिथेच होते, टोकाला मोजून काही कळत नाही. आमची अजून ३०६ ला आहे. ग्रीस थापू नका, धूळ धरते, पातळ तेल ब्रशने लावायचं म्हणजे पिनांपर्यंत उतरतं.

तर मशीनला पाचपैकी चार, मेकॅनिकल लॉक असतं तर साडेचार. सर्व्हिसला एक, तोही चहा पिऊन गेला म्हणून. एएमसी घेणार नाही. तेल, फिल्टर, चेन आमचा फोरमन बघतो, तपासणी बाहेरच्या माणसाकडून, आणि सील खरंच गेलं तर एमआयडीसीत सिलिंडर उघडून देणारे पुष्कळ आहेत. घ्यायला निघाला असाल तर पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी मागा, वरच्या मजल्याचं लॉक, बर्स्ट व्हॉल्व्ह सिलिंडरवर, फिल्टरवाला ब्रीदर आणि टेकू. पॉवर पॅक कुठे बसणार ते फिटरला ठरवू देऊ नका. सव्वापट वजनाच्या लोड टेस्टचं सर्टिफिकेट देतो म्हणून सांगितलं होतं ते मला अजून मिळालेलं नाही, एएमसीला नकाराचा मेल करतोय त्यातच पुन्हा मागितलंय.