विंटरलँड, १४ जानेवारी १९७८: सेक्स पिस्टल्सच्या रेडिओवरून उतरवलेल्या मैफलीचा वापरानंतरचा अनुभव

सॅन फ्रान्सिस्कोतील विंटरलँड बॉलरूममध्ये १४ जानेवारी १९७८ रोजी सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक (आक्रमक, खडबडीत रॉक संगीत) बँडने केलेला कार्यक्रम केएसएएन या तिथल्या एफएम केंद्राने थेट प्रक्षेपित केला होता. तो घरी बसून कॅसेटवर उतरवून घेणाऱ्या श्रोत्यांच्या प्रती पुढे हातोहाती फिरत राहिल्या आणि आज त्या संगणकीय फायलींच्या रूपात चाहत्यांमध्ये फिरतात. माझ्याकडे अशाच एका कॅसेटवरून काढलेली फ्लॅक (ध्वनीचा दर्जा न घटवणाऱ्या) स्वरूपातील प्रत पावसाळ्याच्या आधी आली आणि तेव्हापासून मी ती घरातल्या स्पीकरवर, हेडफोनवर आणि लोकलच्या गर्दीत, अशा सगळ्या परिस्थितींत ऐकत आलो आहे. हे ध्वनिमुद्रण बहुतेक लोक ज्या कारणासाठी मिळवतात, म्हणजे गायकाचे शेवटचे वाक्य ऐकण्यासाठी, ते कारण पहिल्या दोन-तीन वेळांतच संपते. त्यानंतरही ते का ऐकत राहावे, हे मात्र कळायला वेळ लागतो.

संदर्भ थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. बँडचा पहिला अमेरिका दौरा ५ जानेवारीला अटलांटा येथे सुरू झाला आणि मेम्फिस, सॅन अँटोनियो, बॅटन रूज, डॅलस व टल्सा असे मुक्काम करत विंटरलँडला संपला. व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन याने न्यूयॉर्कसारखी अपेक्षित शहरे टाळून मुद्दाम दक्षिणेकडची शहरे निवडली होती, त्यामुळे वाटेत बाटल्या, शिव्या आणि मारामाऱ्या यांची कमतरता नव्हती. गायक जॉनी रॉटन तापाने आजारी होता, बेसवादक सिड व्हिशस हेरॉइनच्या आहारी गेलेला होता, आणि गिटारवादक स्टीव्ह जोन्स व ड्रमवादक पॉल कुक हे दोघे या दोघांपासून वेगळे प्रवास करू लागले होते. अशा अवस्थेत हा बँड पाच हजारांच्या आसपास श्रोत्यांसमोर, म्हणजे तोवरच्या आपल्या सर्वांत मोठ्या समुदायासमोर उभा राहिला. त्यानंतर काही दिवसांतच बँड फुटला आणि १९९६ पर्यंत तो पुन्हा एकत्र आला नाही.

आता प्रत्यक्ष आवाजाविषयी. हे ध्वनिमुद्रण गर्दीत उभे राहून खिशातल्या यंत्रावर केलेले नसून रेडिओवरून घेतलेले असल्यामुळे शब्द स्पष्ट येतात, आणि पंकच्या चोरट्या ध्वनिमुद्रणांची सवय असलेल्या माणसाला हे ऐषोरामाचे वाटेल. पण रेडिओची किंमतही मोजावी लागते. एफएम प्रक्षेपणात १५ किलोहर्ट्झच्या वरचा ध्वनी मुळातच जात नाही, आणि केंद्रावरची यंत्रणा मोठे आवाज दाबून व लहान आवाज उचलून सगळ्याची पातळी सारखी करते. त्यामुळे झांजांची चकाकी बोथट होते आणि गाणे संपताच श्रोत्यांचा गलका एकदम पुढे येतो. हा दुसरा परिणाम मला पहिल्यांदा खटकला होता, पण आता तो नसलेली प्रत ऐकवत नाही, कारण सभागृहात काय चालले आहे याचा अंदाज त्याच गलक्यामुळे येतो. गायकाचा आवाज सर्वांत पुढे आहे, गिटार त्याच्या खालोखाल आहे, ड्रम घट्ट आहेत आणि बेस कधी ऐकू येतो, कधी नाही.

प्रती मात्र एकसारख्या नाहीत, आणि घेण्यापूर्वी सर्वाधिक काळजी इथेच घ्यावी लागते. कॅसेटवरून कॅसेट काढताना प्रत्येक पिढीत टेपची सरसर, म्हणजे मागे सतत येणारा 'स्सस्' असा आवाज, वाढते आणि वरचे स्वर झिजतात, हे सर्वांना ठाऊक आहे. वेगातला फरक मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मी तीन वेगवेगळ्या प्रती ऑडॅसिटी या संगणक-प्रणालीत उघडून त्यांचे स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे ध्वनीतल्या कंपनसंख्या दाखवणारी चित्रे, ताडून पाहिले. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिथल्या अॅम्प्लिफायरची गुणगुण त्याच ठिकाणी दिसायला हवी, पण एका प्रतीत ती ६२ च्या जवळ होती, म्हणजे सगळा कार्यक्रम सुमारे पाव स्वराने चढा आणि तितकाच घाईचा झाला होता. गंमत म्हणजे त्याच प्रतीत ५० हर्ट्झची दुसरी एक बारीक रेषा होती आणि ती अगदी जागच्या जागी होती. याचा अर्थ ही कॅसेट मध्येच कधीतरी युरोपात किंवा आपल्यासारख्या ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याच्या देशात पुन्हा उतरवली गेली, आणि वेगातली चूक त्या वेळची किंवा त्याआधीची आहे. वेग ६० वर आणून बसवल्यावर रॉटनचा आवाज, जो आधी चिरका व किरकिरा वाटत होता, तो थकलेला आणि घोगरा आहे हे कळले. आजारी माणसाचा आवाज चढ्या वेगात तरतरीत वाटतो, आणि त्यामुळे या कार्यक्रमाविषयी चुकीचे मत होऊ शकते.

दुसरी प्रत कोणी तरी हौसेने 'साफ' केलेली होती. सरसर काढून टाकण्याच्या नादात तिच्यातील गिटारचा खरखरीतपणाही गेला आणि टाळ्या पाण्याखालून आल्यासारख्या झाल्या. माझा सल्ला असा, की सरसर असलेलीच प्रत घ्यावी. सरसरीकडे कान काही मिनिटांत दुर्लक्ष करायला शिकतो, पण काढून टाकलेला आवाज परत आणता येत नाही. आपल्याकडे आकाशवाणीची संगीत संमेलने घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवणारे आणि सवाई गंधर्व महोत्सवातील मैफलींच्या कॅसेटी जिवापाड जपणारे जे रसिक आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. तंबोऱ्याची घनता जाऊ नये म्हणून ते सरसर आनंदाने सहन करतात.

सादरीकरणाकडे वळायचे, तर ऑक्टोबर १९७७ मध्ये निघालेल्या बँडच्या एकमेव स्टुडिओ अल्बमशी तुलना टाळता येत नाही. त्या अल्बमवर निर्माता ख्रिस थॉमस आणि ध्वनिमुद्रक बिल प्राइस यांनी जोन्सच्या गिटारचे थरावर थर चढवले होते, आणि बहुतेक गाण्यांतला बेसही जोन्सनेच वाजवला होता. विंटरलँडला हे काहीच उपलब्ध नव्हते. एक गिटार, एक ड्रमसंच आणि भरवशाचा नसलेला बेस एवढ्यावर तेच भारदस्त संगीत उभे करायचे होते. मूळचा बेसवादक ग्लेन मॅटलॉक १९७७ च्या सुरुवातीला बँड सोडून गेला होता आणि त्याची चालती, सुरेल बेसची वळणे जिथे असायला हवी होती तिथे आता पोकळी आहे. पहिल्या काही वेळा मला ही पोकळी केवळ उणीव वाटली. पुढे लक्षात आले, की जोन्स आणि कुक आपसांत काय करतात हे ऐकायला या पोकळीमुळेच जागा मिळते.

कुकच्या ड्रमवर मी मुद्दाम थांबतो, कारण त्याच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. पंक म्हणजे धांदरट वेग, असा एक समज आहे. कुक धांदरट नाही आणि विशेष वेगवानही नाही. न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक बँडशी तुलना केली तर सेक्स पिस्टल्सची गाणी बऱ्यापैकी मध्यम लयीची आहेत आणि त्यांचे वजन त्या लयीतच आहे. या प्रतीत बेस चुकत राहतो, गिटार मध्येच विस्कटते, गायक ओळ अर्धवट सोडून प्रेक्षकांशी हुज्जत घालतो, आणि या सगळ्याच्या खाली कुक एकही ठोका न ढळू देता पुढे जात राहतो. काही जागी तर बाकी तिघे कुठे आहेत हे शोधण्यासाठी त्याच्या स्नेअरचा (खणखणीत वाजणाऱ्या मुख्य ड्रमचा) आधार घ्यावा लागतो. एवढ्या महिन्यांनंतर मी हे ध्वनिमुद्रण प्रामुख्याने त्याच्यासाठी लावतो. कार्यक्रमाच्या मध्यावर, 'बॉडीज'पासून 'प्रॉब्लेम्स'पर्यंतचा जो सलग टप्पा आहे, त्यात जोन्स व कुक एवढे एकजीव वाजवतात की हा बँड संपत आला होता ही माहिती बाजूला ठेवून ऐकता येते.

त्या टप्प्याच्या आधी येणारे एक गाणे मात्र मी नेहमी पुढे ढकलतो. नाझींच्या बेल्सन छळछावणीवर केलेला तो विनोद तेव्हाही हीन होता आणि आजही तसाच आहे, आणि 'धक्का देणे हाच हेतू होता' हे समर्थन मला पटत नाही. संग्राहकाच्या दृष्टीने त्याचा एक उपयोग आहे, तेवढा नोंदवतो. हेच सादरीकरण १९७९ मध्ये बँडच्या चित्रपटाच्या अधिकृत ध्वनिमुद्रिकेवर आले होते. त्यामुळे आपल्या प्रतीचा वेग आणि स्वर बरोबर आहे की नाही, हे तपासायला ते हाताशी असलेले माप ठरते.

गाण्यांच्या मधल्या बोलण्याला मी संगीताइतकेच महत्त्व देतो. मंचावर सतत वस्तू फेकल्या जात होत्या, आणि रॉटन त्यांवर जे शेरे मारतो त्यांत राग कमी व कंटाळा जास्त आहे. स्वतःच्या गाण्यांचाही त्याला कंटाळा आला आहे, हे तो लपवत नाही. शेवटी पुन्हा मंचावर आल्यावर स्टूजेस या अमेरिकी बँडचे १९६९ चे 'नो फन' हे एकच गाणे होते. ते लांबत जाते, विरत जाते, आणि गायक मजा नसल्याची तीच तक्रार घोळवत बसतो. मग ते प्रसिद्ध वाक्य येते, ज्यात तो श्रोत्यांना विचारतो की आपण फसवले गेलो आहोत असे तुम्हाला कधी वाटते का, आणि शुभरात्री म्हणून निघून जातो. हे वाक्य पुस्तकांतून इतक्या वेळा वाचलेले असते की प्रत्यक्षात ते किती निरुत्साहाने, जवळजवळ सहज उच्चारलेले आहे याचे आश्चर्य वाटते. छापील मजकुरात ती घोषणा वाटते. ऐकताना, दौऱ्याने दमलेला, व्यवस्थापकावर चिडलेला आणि घरी जाऊ पाहणारा एकवीस वर्षांचा मुलगा समोर येतो, आणि फसवले गेलेल्यांमध्ये तो स्वतःलाही धरतो आहे असे मला तरी वाटते.

रोजच्या वापराच्या दृष्टीने काही गोष्टी. लोकलमध्ये किंवा रस्त्यावर हे ध्वनिमुद्रण निरुपयोगी आहे, कारण त्यातला गलका आणि बाहेरचा गलका एकमेकांत मिसळतात व बेस तर पूर्णच नाहीसा होतो. हेडफोनवर तपशील उत्तम कळतो, मात्र रेडिओने सपाट केलेला आवाज कानाला विश्रांती देत नसल्यामुळे संपूर्ण कार्यक्रम सलग ऐकला तर थकवा येतो. मध्यम आकाराच्या स्पीकरवर, बेसची पातळी किंचित वाढवून आणि आवाज फार मोठा न ठेवता ऐकणे सर्वांत समाधानाचे ठरले. घरच्यांचे मत विचाराल तर ते तितके अनुकूल नाही.

हा कार्यक्रम पुढे अधिकृत सीडीच्या रूपानेही निघाला आणि ती माझ्याकडे आहे. तिच्यात भरीवपणा अधिक आहे आणि बँडला त्याचे पैसे मिळतात, म्हणून ज्याला एकच गोष्ट घ्यायची असेल त्याने तीच घ्यावी. चाहत्यांच्या प्रतीसाठी पैसे मागणाऱ्याकडून ती घेऊ नये. अशा प्रती विकायच्या नाहीत, वाटायच्या, ही चाल सॅन फ्रान्सिस्कोच्याच ग्रेटफुल डेड या हिप्पी बँडच्या श्रोत्यांनी रुजवली होती. विंटरलँड त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला बंद झाले, तेव्हाचा अखेरचा कार्यक्रमही त्याच बँडचा होता. पंकच्या मंडळींना या लांबकेश्या हिप्पींचा मनस्वी तिटकारा होता, तरीही त्यांच्या या मैफलीचे टेप फिरत राहिले ते याच शहराच्या टेपवाल्या सवयीमुळे, असा माझा तर्क आहे.

ज्याने सेक्स पिस्टल्स कधीच ऐकलेले नाहीत, त्याने इथून सुरुवात करू नये. गाणी मुळात कशी बांधलेली आहेत हे ठाऊक असल्याशिवाय इथे ती कुठे उसवतात हे कळत नाही. अल्बम पाठ असलेल्या माणसाने मात्र प्रत निवडताना दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांतच संपते, म्हणून कार्यक्रमाच्या शेवटच्या टप्प्यात कॅसेट उलटतानाचा खंड आहे का, आणि तो दुसऱ्या प्रतीतून गुपचूप भरून काढला आहे का, हे तपासावे. सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये तशी नोंद नसेल तर बाकीच्या नोंदींवरही फार विश्वास ठेवू नये. शिवाय काही प्रतींत शेवटच्या वाक्यानंतर लगेच आवाज कापलेला असतो. मी ठेवलेल्या प्रतीत त्यानंतरही श्रोत्यांचा गोंगाट बराच वेळ चालू राहतो, आणि त्यात टाळ्या, शिट्ट्या व हुर्यो यांचे प्रमाण काय होते हे प्रत्येकाला स्वतःच्या कानांनी ठरवता येते.