लेसर की इंडक्शन: पोलाद कशाने कठीण करावं?

तत्त्व एकच: पृष्ठभाग झटपट तापवून झटपट थंड केला की मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची अतिशय कठीण अंतर्रचना, तयार होतं. इंडक्शनमध्ये विजेच्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राने तापवल्यावर पाण्याचा किंवा पॉलिमरच्या द्रावणाचा फवारा लागतो. लेसरला सहसा तोही नको. आतलं थंड पोलादच उष्णता ओढून घेतं. त्यामुळे भाग वाकडा होण्याची भीती कमी, आणि साच्याची नेमकी धार तेवढी कठीण करता येते. पण लेसरने कठीण झालेल्या थराची खोली साधारण दीड मिलिमीटरपर्यंतच. शिवाय रुंद भागावर शेजारी-शेजारी पट्टे मारले की जोडावरचा आधीचा पट्टा पुन्हा तापून मऊ पडतो (जाहिरातीत हे नसतं!). जाड शाफ्टचे हजारो नग असतील, तर मी इंडक्शनच निवडेन. गुळगुळीतपणासाठी लेसर पॉलिशिंग वेगळं: तिथे पातळ थर मुद्दाम वितळवतात, इथे वितळू द्यायचा नसतो.