जाळीकामाला पातळ फळी: जुन्या वाड्याचा साग की ऑनलाइन रेडीमेड?

स्क्रोल सॉवर (बारीक पात्याची, नक्षी कापायची यंत्रकरवत) लाकडात आरपार जाळी कापायला ३ ते ६ मिमीची हार्डवूड फळी लागते आणि नाशकात ती दुकानात सहज मिळणं अवघडच. ऑनलाइनवाली येते गुळगुळीत, एकसारख्या जाडीची, लगेच डिझाइन चिकटवा नि कापा, पण पावसाळ्यात पटकन बाक धरते आणि लाकडाच्या रेषा कशा आहेत ते फोटोत नीट कळत नाही. मला विचाराल तर उतरवलेल्या वाड्याचा साग घ्या, वर्षानुवर्षं सुकलेला असतो त्यामुळे फारसा हलत नाही, कापताना तो तेलकट वास येतो ना, मस्तच! फक्त आधी चुंबक फिरवून खिळे शोधून उपसा, आणि चिरून घ्यायचा तो बँडसॉवरच (पट्ट्यासारख्या पातळ पात्याची करवत, भुसा कमी होतो), गोल करवतीत प्रत्येक कापाला जवळपास ३ मिमीचा भुसाच होतो, म्हणजे एक अख्खी फळी गेली.