हृदयतपासणीनंतरची भेट: प्रश्नांचा कागद की सोबतचे माणूस?

गुहागरच्या आमच्या शेजारच्या काकूंची टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ट्रेडमिल चाचणी (फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) झाली असून, अहवाल घेऊन चिपळूणला डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्यावेत की मुंबईच्या लेकाला बोलावून घ्यावे, असा त्यांना पेच पडला आहे.

खर्चात कागद अर्थातच सरस, कारण लेकाला रजा टाकून यावे लागते. नेमकेपणातही तोच पुढे: ‘इजेक्शन फ्रॅक्शन किती आहे’ (म्हणजे हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात आतले किती टक्के रक्त बाहेर टाकतो; साधारणपणे 55 ते 70 टक्के ठीक मानतात), ‘दम लागून चाचणी मध्येच थांबवली, त्याचा अर्थ काय’, ‘अँजिओग्राफी आताच हवी, की औषधांवर थांबता येईल’ (अँजिओग्राफी म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून एक्स-रेने केलेली तपासणी) हे प्रश्न आयत्या वेळी सुचत नाहीत. कागदाच्या मागे चालू गोळ्यांची नावे मात्रेसह लिहावीत. रक्त पातळ करणारी गोळी ठळक अक्षरांत.

उत्तरे लक्षात ठेवण्यात मात्र माणूसच उपयोगी, कारण ‘ब्लॉकेज’ हा शब्द कानी पडला की रुग्णाला पुढचे ऐकूच येत नाही. शिवाय घाटी चढताना आपण दोनदा थांबतो, हे काकू स्वतःहून सांगणार नाहीत.

अहवाल ठीक असून भेट केवळ औषधे पुढे चालू ठेवण्यापुरती असेल, तर कागद पुरे. अँजिओग्राफीचा निर्णय व्हायचा असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर लेकाला बोलवावेच आणि कागद त्याच्या हाती द्यावा.